कांदा पावडरचं मशीन घ्यायच्या आधी आठ दिवस मोबाईलवर बाजार शोधा; खर्च शून्य, पण कर्ज वाचू शकतं

चांदवड : कांद्याचे भाव कोसळले की आपल्या भागात एक विषय हमखास निघतो. "कच्चा कांदा विकण्यापेक्षा पावडर करून विकू." पारावर निघतो, बचत गटाच्या बैठकीत निघतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर रोजच निघतो. सोबत एखादा व्हिडिओ असतो. त्यात छोटं मशीन, पांढरी शुभ्र पावडर, खाली मोबाईल नंबर आणि "तयार माल आम्हीच घेऊ" असा शब्द.

विचार वाईट नाही. शेतमालावर प्रक्रिया झालीच पाहिजे. पण मशीनला पैसे लागतात, पैशासाठी बँक लागते आणि बँकेला हप्ता लागतो. तो हप्ता पावडर विकली तरी भरायचा आणि नाही विकली तरी भरायचा. बचत गटाच्या बाईने महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेला पैसा त्यात अडकतो. म्हणून सही करण्याआधी बाजार बघायचा. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची किंवा कुणा सल्लागाराला फी द्यायची गरज नाही. बरीचशी माहिती सरकारने आणि बाजाराने आधीच गोळा करून ठेवलेली आहे, फुकट आहे आणि आपल्या हातातल्या मोबाईलवर उघडते.

बाजाराची माहिती दोन प्रकारची असते. एक आपण स्वतः दुकानदाराला, हॉटेलवाल्याला, गिऱ्हाईकाला विचारून आणतो. दुसरी, जी कुणीतरी आधीच जमवून छापलेली असते. बाजारभावाचे आकडे, निर्यातीचे आकडे, सरकारी सर्व्हे, प्रकल्प अहवाल ही सगळी दुसऱ्या प्रकारात येतात. तिला दुय्यम माहिती म्हणतात. नाव दुय्यम, पण काम पहिलं. कारण ती बघितली की लोकांना नेमकं काय विचारायचं हे कळतं, आणि कधी कधी विचारायला जायचीही गरज राहत नाही.

कांदा पावडरचंच उदाहरण घेऊन बघू. तुमच्या डोक्यात शेवग्याची पावडर असेल, टोमॅटो सॉस असेल, ज्वारीची बिस्किटं असतील, तरी रस्ता हाच.

आधी प्रश्न कागदावर लिहा

"कांदा पावडर चालते का?" हा प्रश्न कामाचा नाही. चालते, जगभर चालते. खरे प्रश्न पाच आहेत. कांदा कुठल्या महिन्यात, काय भावाने मिळेल? शंभर किलो कांद्यातून पावडर किती निघेल? हे काम आधीपासून कोण करतंय? पावडर विकत कोण घेतं आणि काय दराने? आणि आपल्याकडून त्याने का घ्यावी?

हे पाच प्रश्न वहीच्या पानावर लिहा. प्रत्येकाखाली चार ओळी मोकळ्या सोडा. प्रश्न न लिहिता मोबाईल उघडला तर दोन तास जातात आणि शेवटी आपण रीलच बघत बसतो.

प्रश्न पहिला : कांद्याचा भाव

भाव आपल्याला तोंडपाठ असतो, पण आजचा. धंद्याला पाच वर्षांचा लागतो. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या वेबसाईटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या वेबसाईटवर बाजार समितीनुसार जुने भाव आणि आवक निघते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, जी जवळ असेल ती समिती निवडा. दर महिन्याचा एक आकडा लिहून काढा. पाच वर्षांचे साठ आकडे होतात. एका संध्याकाळचं काम आहे.

लिहिताना "जास्तीत जास्त" दर घेऊ नका. तो दोन-चार ट्रॉल्यांना मिळालेला असतो. "सर्वसाधारण" दर घ्या. आणि तुम्ही गोल्टीची पावडर करणार असाल तर गोल्टीचा दर वेगळा बघा. मात्र गोल्टी सोलायला मजुरी जास्त लागते हेही त्याच ओळीत लिहा.

त्या साठ आकड्यांशेजारी सरकारी निर्णयांच्या तारखा टाका. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती ४० टक्के शुल्क लावून उघडली. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते निघालं. शेतकरी म्हणून या तारखा आपल्याला चांगल्या आठवतात. पण प्रक्रियावाला म्हणून आपण उलट्या बाजूला उभे असतो. कांदा महागला की शेतकरी खूश, पावडरवाल्याचा खर्च मात्र वाढतो आणि मसाला कारखाना ठरलेला दर लगेच वाढवून देत नाही. मग वर्षातून किती महिने कांदा आपल्याला परवडेल, हे साठ आकड्यांवरून दिसतं. तेवढेच महिने मशीन चालणार, हप्ता मात्र बारा महिने असणार.

प्रश्न दुसरा : उतारा

साखर कारखान्यात जसा उतारा, तसाच इथे. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. द्राक्षवाले रिफ्रॅक्टोमीटरने मण्याची साखर बघतात, त्याच मशीनने कांद्याचा टीएसएस, म्हणजे रसात विरघळलेला घन पदार्थ, मोजता येतो. आपला लाल आणि उन्हाळ कांदा साधारण ११ ते १३ टक्क्यांत बसतो. सुकवणीच्या कारखान्यांना १५ टक्क्यांच्या वरचा पांढरा कांदा हवा असतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा श्वेता, भीमा शुभ्रा या पांढऱ्या जाती आहेत. जात कुठलीही असो, तिचा टीएसएस संस्थेच्या माहितीपत्रकात बघूनच पुढे जा.

आता ढोबळ हिशोब मांडू. १०० किलो कांदा घेतला. साल, शेंडा, मूळ, सडका भाग मिळून १५ किलो गेला. उरला ८५. बारा टक्क्यांनी धरलं तर कोरडा माल १० किलोच्या आसपास. सोळा टक्क्यांचा कांदा असता तर साडेतेरा किलो. समजा दोघांनीही १२ रुपये किलोने कांदा घेतला. आपल्याला एक किलो पावडरीला नुसता कांदा १२० रुपयांचा पडला, त्याला ८९ रुपयांचा. मजुरी, वीज, पॅकिंग अजून लागलेलंच नाही, आणि किलोमागे ३१ रुपये आपण मागे पडलो.

विजेचंही बघा. १०० किलो कांद्यातून १० किलो पावडर काढायची म्हणजे ७५ लिटर पाणी उडवायचं. साध्या इलेक्ट्रिक ड्रायरमध्ये, काहीही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, एका लिटरला ०.७ युनिट लागतात. म्हणजे किलोभर पावडरीला कमीत कमी पाच युनिट. प्रत्यक्षात जास्तच लागतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. सोलर ड्रायरने वीज वाचते, पण पावसाळ्यात आणि ढगाळ दिवसांत काय करायचं ते आधी ठरवा.

प्रश्न तिसरा : आधीच कोण करतंय

मोबाईलवर शोधलं की एक नाव पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे महुवा. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातला हा तालुका. कांदा सुकवण्याचे कारखाने तिथे दाटीने उभे आहेत, आजूबाजूला पांढरा कांदा पिकतो आणि बाजार समितीत त्याचा लिलाव होतो. आपल्या शेजारी जळगावात जैन उद्योगसमूह पांढऱ्या कांद्याची करार शेती करून घेऊन तो सुकवतो. म्हणजे आपण मोकळ्या मैदानात उतरत नाही, तिथे मोठी मंडळी आधीच खेळतायत.

यावरून "आपल्याला जमणारच नाही" असा अर्थ काढायचा नाही. पण टनावारी पावडर करून त्यांच्या दराला विकणं एका गटाच्या छोट्या मशीनला जमणार नाही, हे मात्र स्पष्ट होतं. हे कळायला खर्च किती आला? अर्धा तास आणि थोडा डाटा.

इंडियामार्टसारख्या साईटवर विकणाऱ्यांची यादी दिसते. तिथे गावाचं नाव बघा, किमान किती किलोची ऑर्डर घेतात ते बघा. तिथला दर मात्र सांगायचा दर असतो, सौदा त्याच्या खाली होतो.

प्रश्न चौथा : विकत कोण घेतं

आपल्या गावात घरोघरी चाळीत कांदा आहे. इथे पावडर कोण घेणार? यासाठी एक सरकारी सर्व्हे कामाला येतो. घरगुती खर्चाच्या २०२२-२३ च्या सर्व्हेत देशभरातल्या २ लाख ६१ हजार ७४६ कुटुंबांची माहिती घेतली. खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च निघाला ३,७७३ रुपये आणि शहरातल्याचा ६,४५९ रुपये. त्यातला शीतपेयं, चहापाणी आणि तयार खाद्यपदार्थ या गटाचा वाटा खेड्यात ९.६२ टक्के, तर शहरात १०.६४ टक्के.

टक्केवारी जवळजवळ सारखी वाटते. रुपयांत बघा. खेड्यात माणशी साधारण ३६३ रुपये, शहरात ६८७. आणि या ३६३ रुपयांत चहा, बिस्कीट, वेफर, फरसाण, हॉटेलातली मिसळ सगळं आलं. कांदा पावडरला त्यातून काय मिळणार? गिऱ्हाईक गावात नाही, हे या एका भागाकाराने कळतं.

मग गिऱ्हाईक कुठंय? किराणा दुकानात जा आणि वेफर, नूडल्स, सूप, तयार मसाला यांची पाकिटं उलटी करून घटक पदार्थांची यादी वाचा. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, असा नियम आहे. कांदा पावडर कुठल्या पाकिटात, कितव्या नंबरला आहे ते लिहा. पाकिटावर उत्पादकाचा पत्ताही असतो. खरे खरेदीदार हे आहेत. आणि हे लोक माल घेताना पावडरीतला ओलावा, जंतूंची संख्या यांचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागतात, दर महिन्याला तेवढाच माल मागतात आणि पैसे उधारीने देतात. त्या उधारीच्या काळात कांदा घ्यायला भांडवल लागेल, तेही वहीत लिहा.

घरगुती गिऱ्हाइकासाठी अॅमेझॉन, फ्लिपकार्टवर बघा. शंभर ग्रॅमचा दर काढा, मोठं पाकीट आणि छोटं पाकीट सारखंच मोजा. एक आणि दोन स्टारवाल्या प्रतिक्रिया नीट वाचा. "गोळे झाले", "वास नाही", "पाकीट फुटलं" अशा तक्रारी म्हणजे फुकटचा धडा. पण पाकिटावरची किंमत म्हणजे उत्पादकाच्या हातात पडणारा पैसा नव्हे. त्यात दुकानदार, वितरक, वेबसाईट, कुरिअर सगळ्यांचा वाटा असतो.

गुगल ट्रेंड्सही फुकट आहे. महाराष्ट्र निवडून "कांदा पावडर" आणि "onion" याचं इंग्रजी नाव दोन्ही टाकून शोध वाढतोय की घटतोय ते बघा. तिथला १०० आकडा म्हणजे शंभर माणसं नव्हेत. त्या काळातला सगळ्यात जास्त शोध म्हणजे १००, बाकी त्याच्या तुलनेत. चढ-उतार बघायला बरं, माल किती खपेल हे सांगायला नाही.

परदेशी जाणाऱ्या मालाचा दर असा काढा

व्हिडिओवाले हमखास सांगतात, "परदेशात प्रचंड मागणी." हे तपासायला केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाची निर्यात-आयातीची आकडेवारी खुली आहे. तिथे मालाचं नाव नाही, कोड टाकायचा. ताज्या कांद्याचा ०७०३१०, सुकवलेल्याचा ०७१२२०. अपेडाच्या वेबसाईटवरही शेतमालाचे आकडे देशानुसार मिळतात.

तिथे एकूण रुपये आणि एकूण वजन दोन्ही दिलेलं असतं. रुपयांना वजनाने भागा, किलोचा सरासरी दर येतो. समजा १०० कोटी रुपये आणि १ कोटी किलो असं दिसलं, तर दर १०० रुपये किलो. (हे फक्त हिशोब समजण्यापुरतं. खरा आकडा तुम्ही चालू वर्षाचा काढा.) भागताना लाख, कोटी, टन, हजार किलो नीट बघा, एका शून्याने सगळं फिरतं. पाच वर्षांचे पाच दर काढा आणि दुसऱ्या प्रश्नातल्या आपल्या खर्चाशेजारी ठेवा. आपला खर्चच निर्यातीच्या दराच्या वर असेल तर "परदेशी मागणी" हा शब्द आपल्यासाठी नाही.

जिल्ह्याचे आणि योजनेचे कागद

नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा संभाव्य कर्ज आराखडा काढते. त्याला पीएलपी म्हणतात. कुठलं पीक किती, प्रक्रियेला वाव कुठे, साठवण आणि रस्ते कसे, हे त्यात असतं. बँका त्याचा आधार घेतात. मॅनेजरसमोर बसताना त्यातलं आपल्या विषयाचं पान वाचलेलं असेल तर बोलणं वेगळं होतं.

प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग योजना, म्हणजे पीएमएफएमई, २०२० साली आली. तिच्या वेबसाईटवर वेगवेगळ्या मालाचे नमुना प्रकल्प अहवाल फुकट आहेत. मशीन, जागा, मजूर, वीज, नफा सगळं मांडलेलं असतं. तो अहवाल जसाच्या तसा बँकेत देऊ नका. त्यातला कच्च्या मालाचा दर खोडा आणि तुमच्या साठ आकड्यांतला टाका. उतारा तुमच्या कांद्याचा टाका. बनवलेला माल सगळा विकला जाईल असं न धरता निम्माच विकला असं धरून बघा. तरी हप्ता निघतो का?

या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण अनुदान आधी हातात येत नाही. कर्ज आधी उचलावं लागतं. अनुदान मिळतं म्हणून धंदा करायचा नसतो, धंदा चालणार असेल तर अनुदान घ्यायचं असतं. योजना सध्या चालू आहे का आणि अटी काय, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

"माल आम्हीच घेऊ" म्हणणाऱ्याला तपासा

मशीनवाल्याकडून जीएसटी नंबर मागा. जीएसटीच्या सरकारी वेबसाईटवर लॉगिन न करता तो नंबर टाकला की नोंदणीची तारीख, धंद्याचा प्रकार आणि कुठल्या मालाची नोंद आहे हे दिसतं. नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची आणि धंदा फक्त मशीन विक्रीचा असेल, तर तो तुमची पावडर घेऊन करणार काय? नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

प्रत्येक माहितीला तीन प्रश्न विचारा

कोणी दिली? कधीची आहे? का दिली? बाजार समितीचा आकडा आणि मशीनवाल्याचा आकडा एका तराजूत घालायचा नाही. जनगणनेवरून गिऱ्हाइकं मोजत असाल तर हातातली गाववार जनगणना २०११ ची आहे, तेव्हापासून गावं रिकामी झाली आणि शहरं वाढली हे धरा. "बाजार दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढणार" असे इंग्रजी अहवाल दिसतील. ते अहवाल विकायला ठेवलेले असतात, फुकट दिसतो तो त्याची जाहिरात. एकच गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणी सापडली तरच वहीत पक्की करा.

आणि मग काय निघतं?

हे सगळं केल्यावर कांदा पावडरचा विचार जागेवर राहत नाही. तो बदलतो, आणि बदलला पाहिजे. कुणाला दिसेल की टनावारी पावडर महुव्याशी टक्कर आहे, पण नाशिक आणि शिर्डीच्या हॉटेलांना सुकवलेल्या कापा किंवा तळलेला कांदा लागतो का ते विचारता येईल. कुणाला दिसेल की आधी पांढऱ्या कांद्याचा एक एकर प्लॉट करून उतारा बघावा. कुणाला दिसेल की या पैशात चाळ चांगली बांधली तर जास्त फायदा आहे. हे अंदाज आहेत, उत्तरं नाहीत. उत्तर दुकानात आणि हॉटेलात जाऊन, हातात नमुना घेऊन मिळेल. वहीतल्या माहितीने फक्त एवढं होतं की दहा दारं ठोठावण्याऐवजी नेमकी तीन ठोठावता येतात.

पाचवा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय. आपल्याकडून का घ्यावी? स्वस्त म्हणून, जवळ म्हणून, ताजी म्हणून, गटाने बनवली म्हणून, काहीतरी एक खरं कारण लिहिता आलं पाहिजे. मोबाईलवर ते सापडणार नाही. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं समोर ठेवून गटाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ते शोधायचं. ती ओळ मोकळी राहिली, तर बँकेच्या कागदावरची सहीची जागाही त्या दिवशी मोकळीच ठेवा.